दोघांची एक सायकल

समुद्राला कुलूप घालून किल्ली कनवटीला खोचणाऱ्या साहेबांनो, तुमच्या रांगेत माणसं म्हातारी होतात! किनारी उद्यानाच्या परवाना खिडकीपुढे ताटकळलेला गवंडी मनात असा धुमसत होता, तेवढ्यात त्याच्यापुढचे म्हातारे घड्याळजी आणि त्यांची बायको बोलू लागली.

"दोन सीटांची सायकल आहे. पुढे मी बसणार."

"तू? अगं, तुला मोकळ्या रस्त्यावरही खांब सापडतो."

"आणि तुम्हाला सापडल्यावरसुद्धा दिसत नाही. मागे बसा आणि मुकाट पायडल मारा."

"म्हणजे चढावर घाम माझा, मिरवणार तू."

"चाळीस वर्षं उलटं चाललं होतं ना!"

"पाणी किती घ्यायचं?"

"चार बाटल्या. दीपगृहापर्यंतच्या बावीस किलोमीटरच्या वाटेत टपरीसुद्धा नाही."

"दीपगृहापाशी मात्र मला हाताला धरून नेऊ नकोस. तेवढा समुद्र माझा मी बघेन."

"नाही धरणार."

"आणि पडलो तर?"

"तर धरीन. पण आधी चार शिव्या घालीन."

त्यांचा नंबर आला. कारकुनाने मान वर न करताच सांगितलं, "सहा महिन्यांनंतरची तारीख मिळेल."

"अरे, डॉक्टरांनी ह्यांच्या नजरेला तीनच महिने दिलेत."

"नियम सगळ्यांना सारखा, आजी."

तिने अर्ज तसाच पुढे धरून ठेवला.

"मान वर कर, बाळा. समुद्र सहा महिने थांबेल. ह्यांचे डोळे मी कसे थांबवू, ते सांग."