गप्प राहण्याचं चॉकलेट

फरीदाबादच्या नव्या सेक्टरातल्या मानसतज्ज्ञांच्या दवाखान्यात रेवती आपल्या रडक्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या जोडप्याची पाचएक वर्षांची मुलगी कशी शहाण्यासारखी बसली होती! रेवतीला हेवाच वाटला. इथे आपलं मराठी कुणाला कळतंय, अशा भरवशावर ती दोघं बोलत होती.

“उल्का, इथल्या जुन्या सरांच्या उपायानं सोनमचं रडणं थांबलं. आता त्या नव्या मॅडमना कशाला दाखवायचं?”

“अहो, हळू.”

“रडली की बघायचं नाही, गप्प राहिली की चॉकलेट. बिल्कुल सिंपल! सर म्हणतात, वागणं सुधारलं की झालं. मनातलं कुणाला दिसतंय?”

“मॅडम फोनवर म्हणाल्या, तेच विचारायला हवं. पोरीनं मनाशी काय खूणगाठ बांधलीय ते.”

“कसली खूणगाठ? शहाणी झाली!”

“काल तिचं बोट दारात चेंगरलं. नख निघालं, अहो. मी स्वयंपाकघरात होते, मला आवाजसुद्धा आला नाही. रक्ताळलेला हात पुढे करून म्हणाली, ‘आई, मी रडले नाही. चॉकलेट?’”

“…दिलंस?”

“दिलं.”

तेवढ्यात रेवतीच्या लेकीनं भोकाड पसरलं.

“उगी, बाळा, उगी.”

मराठी ऐकून ती दोघं चपापली. सोनम मात्र पट्टी बांधलेलं बोट सांभाळत उठली आणि रडणाऱ्या पोरीच्या कानाशी लागली.

“रडू नको. रडलं ना, की आई आपली राहत नाही.”