बुवांची पांढरी पाच

पूर्वरंगात अहंकाराविषयी बोललो, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. प्रत्येकाला शेजाऱ्याचा अहंकार आठवला असणार. हरकत नाही. आता आख्यानाला एकच प्रश्न घेऊ — गाणाऱ्याने थांबावं कधी, आणि ते त्याला सांगावं कुणी?

ऐका. देवरुखाजवळच्या एका गावात मुकुंदबुवा आठल्ये भजन गायचे. वय बहात्तर, स्वर पांढरी पाच. म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, तिथला षड्ज. पुरुषाच्या गळ्याला चांगलाच उंच. ओळख करून देतानाही बुवा आधी स्वर सांगत, मग आडनाव. पेटीच्या साथीला तीस वर्षं एकच माणूस, बाळा गुरव.

पुढे बाळाची बोटं अडखळू लागली. बुवांच्या ते लगेच लक्षात आलं. दुसऱ्याचं म्हातारपण आपल्याला लांबूनही स्वच्छ दिसतं की नाही? बुवा त्याच्या घरी गेले, ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाळा, तू आता विश्रांती घे. कुठे थांबावं हे कलावंताला कळायला हवं."

बाळा म्हणाला, "बरं, बुवा."

तीस वर्षांची साथ — दोन शब्दांत मिटली.

उत्सव आठ दिवसांवर. शाळेत संगीत शिकवणाऱ्या शिर्केबाई साथीला आल्या, आपली साधी पेटी घेऊन. बुवांनी सांगितलं, पांढरी पाच. बाईंनी पट्टी दाबली, बुवांनी तोंड उघडलं — आणि वरच्या षड्जाला आवाज असा फाटला, की देवळातली मांजर उठून बाहेर गेली.

"बाई, तुमची पेटी चढलीय."

"परवाच सुरात लावून आणलीय, बुवा."

बाळाची पेटी देवळाच्या कपाटातच होती. बाईंनी ती काढून तीच पट्टी दाबली. सूर बराच खाली. त्यांनी वाकून पाहिलं. काही पेट्यांत, मंडळी, सगळ्या पट्ट्या एकदम सरकवायची सोय असते. बोट त्याच पट्टीवर, सूर मात्र खालचा.

"काळ्या-पांढऱ्या मिळून पाच घरं खाली सरकवलीय, बुवा. तुम्ही पांढरी दोनमध्ये गाताय."

बुवांनी तबलजीकडे पाहिलं. त्याने मध्यंतरी मोठ्या तोंडाचा, खालच्या सुरात लागणारा तबला आणला होता, जुना उंदरांनी कुरतडला असं सांगून. तो आता हातोडी शोधू लागला. हातोडी त्याच्या हातातच होती.

बुवा तडक बाळाकडे. बाळा अंगणात सुपाऱ्या सोलत होता.

"किती वर्षं चाललंय हे?"

"बारा. दोन-तीन वर्षांनी एकेक घर."

"सांगितलं का नाहीस?"

"दर वर्षी उत्सव झाला की सांगणार होतो. पण खरं बोलू? वर होतात तेव्हा तुम्ही नुसता जोर लावायचात. खाली आलात आणि गायला लागलात. लोक डोलतात ते तेव्हापासून."

बुवांना हे कौतुक वाटेना आणि अपमानही म्हणता येईना.

"मग परवा मी तुला थांब म्हणालो, तेव्हा तरी बोलायचंस."

"तुम्ही खोटं कुठे बोललात? बोटं अडखळतातच. त्यांना सरकवायची सोय नाही. आणि तुम्ही नसतं सांगितलंत, तर मला कोण सांगणार होतं?"

उत्सवाचा दिवस उजाडला. देऊळ भरलं. बाळा पहिल्यांदाच श्रोत्यांत बसलेला. शिर्केबाईंनी हळूच विचारलं, "कुठली पट्टी?" बुवांनीही हळूच सांगितलं असतं, तर कुणाला कळलं असतं? पण बुवा माइकजवळ सरकले.

"पांढरी दोन. बारा वर्षं खाली सरकत मी इथे आलोय. बाळाला माहीत होतं, मला नव्हतं."

आणि गायले. उठताना बाईंना म्हणाले, "पुढे दोनही जमेनाशी झाली, तर सांभाळून घेऊ नका. सरळ सांगा."

बाई म्हणाल्या, "माझ्या पेटीला ती सोयच नाही, बुवा."

तर मंडळी, आपण अजून पांढरी पाचमध्येच आहोत, असं इथे कुणाकुणाला वाटतं? हात वर करू नका. तुम्ही गाडीची किल्ली घेतलीत की मुलगा म्हणतो, "बाबा, मी तिकडेच चाललोय, सोडतो." रोज बरं त्याला तिकडेच काम असतं? सासूबाई आमटी करून देवाला बसतात, आणि सून गुपचूप पुन्हा मीठ घालते. आज घरी जाऊन त्यांना विचारा. आणि खरं उत्तर आलं तर रागावू नका. ते एक वाक्य जुळवायला त्यांना बारा वर्षं लागली असतील.