तिसरा आग्रह

आर्डिस : म्हणजे बघ, हे मोठं पातेलं तुला. तळ्यातल्या तांदळाची बरणी तुला. आणि आज हे सूप शिकून घेतलंस की पुढच्या वर्षीपासून ‘अगदी आईच्या हातचं’ हे कौतुकही तुलाच. एका टर्कीच्या सांगाड्यातून बरंच पदरात पडतंय की तुझ्या.

रोझान : आर्डिस, अहो थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस आहे, अख्खा देश सेलच्या रांगेत उभा आहे, आणि मी इथं तुमच्या ओट्यापाशी कालच्या पक्ष्याची हाडं चिवडतेय. सासूबाईंकडून एक शब्द गोड मिळेल असं वाटलं होतं. तर तुम्ही हिशेब मांडून बसलात.

आर्डिस : हिशेब कसला, नुसतं म्हटलं. मानेची बाजू राहिली बघ. तिथलं मांस सगळ्यात चवीचं, आणि सगळे तेच टाकून देतात.

रोझान : पातेलं नकोच मला. तुमच्याकडंच ठेवा.

आर्डिस : ठेवू कुठं? सोमवारी वृद्धाश्रमातल्या ज्या खोलीत जातेय तिथं शेगडी नाही. घंटा वाजली की खाली जाऊन जेवायचं. कॉफीचं यंत्रसुद्धा चालत नाही म्हणे. म्हातारी माणसं बटण बंद करायला विसरतात.

रोझान : जागा चांगली आहे पण. मी पाहिली ना. खिडकीतून चर्च दिसतं.

आर्डिस : गाड्या लावायची जागा दिसते. चर्च बघायचं तर वाकावं लागतं.

रोझान : …बरं, हे झालं सोलून. हाडं टाकू?

आर्डिस : टाक. पहाटेपासून शिजलीत, त्यांच्याकडं द्यायला आता काही उरलेलं नाही. जे होतं ते पाण्यात उतरलं. गाळलेलं पाणी चाखून बघ.

रोझान : मीठ कमी आहे.

आर्डिस : असू दे. कालच्या मांसात मीठ आहेच. ते पडलं की बरोबर होतं. तांदूळ बघ, फुटला का?

रोझान : थोडे दाणे फुटलेत. आतलं पांढरं दिसतंय.

आर्डिस : मग उतरव. हा तळ्यातला आहे, होडीतून झोडपून काढलेला, लाकडावर भाजलेला. लगेच शिजतो. तू त्या वर्षी दुकानातला काळा कुळकुळीत आणला होतास, तो तासभर दगडच.

रोझान : आणि मी तो कच्चाच सूपमध्ये ओतला होता. सगळं सूप पिऊन बसला. तुमचा लेक कर्ट म्हणाला, भिंतीला गिलावा करायचा तर हे वापरू.

आर्डिस : तरी दोन वाट्या खाल्ल्या त्यानं.

रोझान : खाल्ल्या ना. दुसरी वाटी मी तीनदा विचारल्यावर.

आर्डिस : हं. काल एल्रॉयलाही भोपळ्याच्या गोड पायचा शेवटचा तुकडा छान खाऊ घातलास.

रोझान : शेजारचे तुमचे एल्रॉय म्हणजे कमाल आहेत. नजर तुकड्यावर, आणि तोंडानं ‘नको नको, पोट भरलं.’ मी म्हटलं घ्याच. ‘छे, मुलांना ठेवा.’ मुलं कुठली, टेबलाशी सगळ्यात लहान कर्ट, तो पंचेचाळिशीचा. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बशी पुढं केली. तीसुद्धा असा सुस्कारा टाकून, जणू माझ्यावर उपकार करतायत.

आर्डिस : बरोबर विचारलंस. पहिल्या वर्षी तुला हे कळत नव्हतं.

रोझान : पहिल्या वर्षाचं काढू नका.

आर्डिस : बटाट्याची पोळी एकच उरली होती. तू विचारलंस, कुणाला हवी? हे म्हणाले, नको. तू म्हणालीस, बरं. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लोणी-साखर लावून खाल्लीस.

रोझान : अहो, मिनेसोटाची रीत मला काय ठाऊक, न्यू जर्सीत नको म्हणजे नको. आमच्याकडं कुणी नको म्हणाला तर आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघते.

आर्डिस : मरेपर्यंत सांगायचे. ‘सून चांगली आहे. माझी पोळी खाल्ली, पण चांगली आहे.’

रोझान : मग डुलुथला आमच्या घरी परतताना कर्टनं गाडीत शिकवणी घेतली माझी. पहिलं नको म्हणजे रीत. दुसरं नको म्हणजे समोरचा मनापासून विचारतोय का, याची परीक्षा. तिसऱ्या आग्रहाला जे येईल ते उत्तर. अकरा वर्षं झाली त्याला. आता मीच पहिल्यांदा नको म्हणते. माझी आई फोनवर हसते, म्हणते, पोरगी गेली माझी.

आर्डिस : पक्कं शिकलीस.

रोझान : तुमच्याचकडून.

आर्डिस : लोणी वितळलं की कांदा-सेलरी घाल. गाजर मागून. आणि तुमच्या त्या खालच्या खोलीत ऊन येतं का गं अजून?

रोझान : कुठल्या?

आर्डिस : खालच्या. सरोवराच्या बाजूच्या.

रोझान : येतं. सकाळचं. म्हणजे… आता तिथं शिवणाचं मशीन असतं ना माझं, पडदा लावावा लागतो. पांढऱ्या कापडावर ऊन पडलं तर पिवळं पडतं. नवऱ्या मुली एकेक सुरकुती मोजतात, तुम्हाला काय सांगू, गेल्या आठवड्यात एक आली होती ती–

आर्डिस : आता मैदा. एकदम नको, भुरभुरत. ढवळत राहा. रंग बदलायच्या आत हाडांचं पाणी ओतायचं.

कर्ट : मॉम, डॅडची गळांची पेटी कुणाची?

आर्डिस : तुझी. बूट काढ, पायाला बर्फ आहे.

कर्ट : घर विकलं, तरी फरशीची काळजी. सूपला किती वेळ?

आर्डिस : क्रीम घातलं की झालं. बस जरा, सकाळपासून खोकी उचलतोयस.

कर्ट : नको.

आर्डिस : बस रे.

कर्ट : नाही, बसलो तर उठवणार नाही. तळघर रिकामं झालं. तिथं हाक मारली तर आवाज परत येतो, मॉम. बोटीवर खनिज उतरवून झाल्यावर तळाशी जसा येतो तसा.

आर्डिस : घरं रिकामी होतातच.

कर्ट : व्हायला नको होती. एकदाच बोलतो, मग तोंड बंद. तू आमच्याकडं यायला हवी होतीस.

आर्डिस : झालं ते आता.

कर्ट : मी मार्चपासून बोटीवर. तू बर्फावर पडलीस, हात मोडला, आणि मी सरोवराच्या मध्यावर. दर फोनला हिला विचारायचो, मॉमला विचारलंस का? म्हणाली, विचारलं, नको म्हणाल्या. म्हटलं, परत विचार. म्हणाली, परतही विचारलं. मी म्हटलं, मॉम आहे ती, तिसऱ्यांदा विचार. तीनदा विचारलं तुला हिनं. तीनदा नाही म्हणालीस.

रोझान : कर्ट, ते राहू दे ना आता.

कर्ट : नाही, बोलू दे. मी मध्ये पडलो नाही, कारण आपल्यात तिसऱ्यानंतर विचारणं म्हणजे गळ्यात पडणं. पण मनातून जात नाही. माझ्या छपराखाली राहावंसं तुला वाटलं नाही. घंटा वाजली की जेवायचं, ते बरं वाटलं.

आर्डिस : ढवळत राहा, रोझान.

कर्ट : विचारलं ना हिनं तीनदा?

आर्डिस : विचारलं.

कर्ट : मग?

आर्डिस : मग काय. मी हट्टी. तुझ्या बापाबरोबर पन्नास वर्षं काढली, थोडं अंगाला लागणारच. तुझ्या घराचा काही दोष नाही, कर्ट. तुझाही नाही. हे दोन्ही मी म्हटलेलं ध्यानात ठेव, आणि ती पेटी गाडीत ठेवून ये. सूप गार करून वाढायची मला सवय नाही.

कर्ट : जातो. ऐकून बरं वाटलं, असं म्हणत नाही. पण ऐकलं.

आर्डिस : दार ओढून घे.

रोझान : आर्डिस.

आर्डिस : मैदा करपतोय.

रोझान : आर्डिस, मी त्याला–

आर्डिस : पाणी ओत आधी. थोडं थोडं. गुठळी झाली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि लोणी संपलंय.

रोझान : ओततेय. ऐका तरी. तुम्ही सरळ हो म्हणायचं होतंत. एक शब्द. मी विचारलं होतं की नाही? याच टेबलाशी, तुमचा हात प्लास्टरमध्ये होता. ‘आमच्याकडं राहायला या,’ म्हटलं होतं.

आर्डिस : म्हटलं होतंस. आणि मी म्हटलं, छे गं, तुम्हाला कशाला त्रास.

रोझान : म्हणजे नको.

आर्डिस : म्हणजे पहिलं नको. आमच्यात पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरट. आयुष्यभर मी कॉफीच्या पेल्यालासुद्धा तसं हो म्हटलेलं नाही, तुझ्या घराला कसं म्हणू? तू गेलीस, आणि मी एका हातानं कपाटातून बॅग ओढून काढली. भरूनच ठेवली. म्हटलं, तिसऱ्यांदा विचारलं की धावाधाव नको.

रोझान : मला काय माहीत.

आर्डिस : ईस्टरला मी तुमच्याकडं आले होते. बॅग डिकीत होती. म्हटलं, घरी बोलावलंय म्हणजे विचारेल. कोट टांगायला त्या खोलीत गेले, तर लग्नाचे झगे ओळीनं लावलेले. मशीन खिडकीशी.

रोझान : तुम्ही काहीच बोलला नाहीत.

आर्डिस : बोलले की. म्हटलं, झगे फार सुरेख आहेत.

रोझान : …हो. म्हणालात. आणि मी तुम्हाला एकेकाची लेस दाखवत बसले.

आर्डिस : मांस घाल आता. मोठे तुकडे मोडू नकोस, दाताला काहीतरी लागलं पाहिजे. मग तांदूळ.

रोझान : मला माहीत होतं. मघाशी माहीत नव्हतं म्हटलं ते खोटं. तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला माहीत होतं ते पहिलं आहे. एल्रॉयचं कळतं, मग तुमचं कळणार नाही? पण सुटल्यासारखं वाटलं हो. अकरा वर्षं मिनेसोटाची सून होऊन राहिले, आणि त्या एका दिवशी परत न्यू जर्सीची झाले. सोयीपुरती.

आर्डिस : ते कळलं मला.

रोझान : कर्ट नसतो. वर्षातले कितीतरी महिने त्या घरात मी एकटी. ती एक खोली माझी झाली असती. झालीही. आणि त्याला फोनवर एकदा थाप मारली, मग दुसरी मारावी लागली, मग तिसऱ्यांदा तर तो स्वतःच म्हणाला, आता पुरे, तीनदा झालं. मला काही म्हणावंच लागलं नाही. आज तुम्ही का नाही सांगितलंत त्याला?

आर्डिस : सांगून काय करू? आई हट्टी आहे, बायको चांगली आहे, असं घेऊन तो बोटीवर परत जाईल. थंडीत सरोवरावर माणसाला घरी कुणीतरी चांगलं असलेलं लागतं. मी सोमवारी जाते. मागं तुम्ही दोघंच उरता.

रोझान : त्याला वाटतंय, तुम्ही त्याला नाही म्हणालात.

आर्डिस : वाटतंय. माझ्यासमोरच बोलला, ऐकलं मी.

रोझान : आमच्याकडं या. आर्डिस, खरंच. खोली मी उद्या रिकामी करते. मशीन वर नेते. चला आमच्याबरोबर.

आर्डिस : नको गं. तिथं नाव घातलंय. ऑफिसातल्या पोरीनं विचारलं, खोली हवी का? एकदाच विचारलं, मान वर न करता. मी हो म्हटलं. म्हटल्यावर माझीच मला लाज वाटली, इतक्या पटकन म्हटलं. पलंगही देऊन टाकला, एल्रॉयच्या नातीला.

रोझान : पलंग नवा आणू.

आर्डिस : क्रीम आण. आणि गॅस बंद कर आधी. उकळत्यात ओतलंस तर फाटेल.

रोझान : बंद केला. आर्डिस, मी पुन्हा–

आर्डिस : तिसऱ्यांदा विचारू नकोस.

रोझान : का?

आर्डिस : तिसऱ्याला खरं सांगावं लागतं.

रोझान : मग सांगा ना.

आर्डिस : आणि तू ते ऐकून घरी नेशील, मशीन वर चढवशील, आणि रोज सकाळी त्या उन्हात मला कॉफी देताना मी तुझ्याकडून काय वसूल केलं ते बघशील. मला कुणाच्या घरात दंड म्हणून राहायचं नाही. दे ते इकडं, मी ओतते. बघ, कडेनं, बारीक धार. असं. रंग बदलला?

रोझान : बदलला.

आर्डिस : शिकलीस मग.

कर्ट : वास गाडीपर्यंत येतोय. वाढा, वाढा. मॉम, तू बस, आज मी वाढतो. खुर्च्या तीनच ठेवल्यात, बाकीच्या गेल्या.

आर्डिस : तीनच लागतात.

कर्ट : …हं. हे बघ. हेच ते. रोझान, तू केलंस? अगदी मॉमच्या हातचं.

रोझान : मी फक्त ढवळलं.

कर्ट : खोटं. मॉम, तुझी वाटी रिकामी झाली. आणखी घे.

आर्डिस : नको, पुरे.

कर्ट : घे गं, पातेलंभर आहे.

आर्डिस : छे, तुम्ही घ्या.

कर्ट : माझे दोन झाले. तिसरा आग्रह सुनेचा. रोझान, विचार.

(रोझान पळी हातात धरून उभी.)

आर्डिस : झाकण ठेव त्यावर, रोझान, गार होतंय. सोमवारी जाताना मला थोडं डब्यात घालून दे. तिथं खालून गरम करून देतात.

कर्ट : ऐकलंस? मॉमनं आपणहून मागितलं. जन्मात पहिल्यांदा.

रोझान : किती घालू?

आर्डिस : एका माणसापुरतं.