लिफ्टचा मुक्काम

औषधाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक सासरे आणि त्यांची सून उभी होती. बाहेर आभाळ भरून आलेलं.

"मामंजी, वादळ यायच्या आत लिफ्ट सातव्या मजल्यावर नेऊन बंद करणार आहेत."

"गेल्या वेळी आमच्या थोरल्या बंधूंनी खाली आणून ठेवली. म्हणे, जमिनीवर सुरक्षित. लिफ्ट पोटभर पाणी प्यायली. आत मासे बटणं दाबत होते."

"तेव्हापासून तुम्ही त्यांच्याशी अबोला धरलाय."

"आणि लिफ्ट बंद पडल्यावर मी घरात गुडघे धरून बसलो, ते?"

"सातव्यावर एकटेच असतात ते. आज वीजही जाईल."

"लिफ्ट शेवटची कधी जाणार वर?"

"संध्याकाळी. पाणी ओसरेपर्यंत खाली यायची नाही."

"म्हणजे वर गेलेला माणूस तिथंच अडकणार."

"म्हणून तर तुमच्या गोळ्या वेगळ्या बांधून घेतेय."