लाल कडीची पिशवी

—नाही नाही, ती नको, लाल कडीची खालीच ठेव. हात धुतलेस ना? मग बस या खुर्चीवर. सिस्टरनं तुला माझ्याकडे धाडलं ते बरं केलं—आईच्या पोटात नळी बसवली, आता डायलिसिसचं पाणी घरीच बदलायचं म्हटलं की धस्स होतं, आमच्या यांना नळी बसवली तेव्हा माझंही झालं होतं. हे बघ, पिशव्या तिन्ही सारख्याच, दोन-दोन लिटरच्या. फरक साखरेचा. पिवळ्या कडीची दीड टक्का, हिरवी अडीच, लाल सव्वाचार. साखर जितकी जास्त तितकं अंगातलं पाणी जास्त ओढते. पिवळी म्हणजे गरीब गाय. हिरवी जरा सूज दिसली तर. आणि लाल—लाल सिस्टरला फोन केल्याशिवाय नाही. वजन सांगायचं, रक्तदाब सांगायचा, ती हो म्हणाली तरच. ही साखर रक्तातही उतरते, तुझ्या आईला मधुमेह आहे म्हणतेस, मग तर जपूनच.

मी? मी विचारायचेच की—एकदाच नाही विचारलं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. बोटं सुजली, चिमटा धरवेना, तेव्हा यांनीच लाल लावून घेतली—म्हणजे, डॉक्टरांना आम्ही असं सांगितलं. खरं विचारशील तर माझी नणंद यायची होती. दर खेपेला दारातूनच सुरू—"माझा भाऊ असा फुगलाय कसा गं, वहिनी? लक्ष असतं ना तुझं?" चार वर्षं हात धुऊन धुऊन माझ्या बोटांची सालं निघाली, आणि वर हे ऐकून घ्यायचं! म्हटलं, या वेळी दाखवतेच. सकाळी लाल लावली. हे म्हणाले, "अगं, हिरवी पुरे." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा हो." दोन लिटर आत गेलं, जवळजवळ तीन बाहेर आलं—पाय असे उतरले, घोट्याची हाडं दिसायला लागली! मला इतका आनंद झाला की दुपारी लगेच दुसरी लावली. तीही लालच.

संध्याकाळी नणंद आली, बघतच राहिली. "वहिनी, दादा किती छान दिसतोय गं!" चार वर्षांत पहिल्यांदा. मी चहा टाकायला वळले, हे तिला कुठलंसं जुनं घड्याळ दाखवायला उठले—आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन धाडकन खाली. टेबलाचा कोपरा कानशिलात. अंगात पाणीच उरलं नव्हतं गं, रक्तदाब पार तळाला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "लाल कुणी लावली?" मी तोंड उघडायच्या आत हे बोलले—टाके घालत होते, डोळे मिटलेले—"मीच. ही बाजारात गेली होती." आणि मी काय केलं? मान डोलावली. नणंदेनं त्यांनाच झापलं. मला म्हणाली, "तुझं तरी काय चुकलं, वहिनी, हा ऐकतो का कुणाचं?" तेव्हापासून यांचा उजवा हात कापतो. घड्याळं बंद. त्यावर एक शब्द नाही, सहा महिने झाले. भांडावं ना माणसानं! नाही. मी पिशवी टांगते, हे कडीचा रंग बघतात, मग डोळे मिटतात. रोज. पाणी बदलायच्या चारही वेळा.

असं काय बघतेस माझ्याकडे? ऊठ. आईची पिशवी बदलायची वेळ झाली असेल. आणि सिस्टरला म्हणावं, काकूंनी सगळं नीट शिकवलं. दार ओढून घे जाताना—हळू, हे आत जागे आहेत.