पिंप शांत होण्याआधी

अस्तुरियासमधल्या त्या दवाखान्यात ओल्विदो गुडघा चोळत नंबराची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर दोघे भाऊ भांडत होते. धाकट्याच्या हाताला गुंडाळलेलं फडकं रक्तानं भिजलं होतं.

"सफरचंदाची दारू जानेवारीत बाटल्यांत भरतं का रे कुणी? पिंपात अजून फसफसत होती ती!"

"ओरडू नकोस, दादा."

"ओरडू नको? तळघरातल्या सगळ्या बाटल्या फुटल्या! वसंतात, वद्य पक्षात भरायची असते, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"ठाऊक आहे मला."

"मग कसली घाई झाली होती? बाबा गेले, त्यांच्या हातची तेवढीच तर उरली होती!"

"वसंतापर्यंत बाबा थांबणार होते का? तू कुठे होतास तेव्हा? माद्रिदहून फोनवर 'बरे आहेत ना' विचारायला काय जातं?"

ओल्विदोचा गुडघ्यावरचा हात थांबला.

"...प्यायले?"

"एक घोट. उशाशी उभं राहून, हात उंच करून वरून पेल्यात धार धरली, त्यांना लागायची तशी."

"काय म्हणाले?"

"तोंड वाकडं केलं. म्हणाले, कच्ची आहे, कुठल्या गाढवानं भरली?"

"मग?"

"मी तुझं नाव सांगितलं."