कराचीची चाची

नागरिकत्वाचं इचारताय तर आमच्या चाचीचं ऐका. ती मूळची कराचीची, लगीन होऊन इस्लामपूरला आली आणि निम्मं आयुष्य सांगलीच्या कलेक्टर कचेरीत खेटे घालत ऱ्हायली. शेवटी औंदा तिकडचा पासपोर्ट जमा केला, शपथ घेतली. सायेब पेढा खात म्हणाला, "आता तुमी आमच्या झाला."

त्याच आठवड्यात कराचीवरनं फोन आला, तिची आई गेली. चाची सरळ पिशवीत कापडं भराय लागली.

मी म्हणालो, "चाची, तिकडं जायाला आता तुला बी व्हिसा लागतोय. आणि सध्या त्यो कुणालाच देत न्हाईत."

तिनं हातातलं कापड पिशवीवर ठिवलं. मग म्हणाली, "इथं ऱ्हायला जन्मभर परवानगी मागितली. आता आईला माती द्यायला बी मागायची व्हय रं?"